बाबांच्या जागी फायकस

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. माणसाचं डोकं नुसतं पाहून त्याला काय शोभेल, हे मी चहा संपायच्या आत ओळखतो! ही विद्या बाबांची. आमचं सलून त्यांनी उभं केलं आणि दादाच्या व माझ्या हातात कात्रीही त्यांनीच दिली. त्यामुळे बाबा गेल्यावर त्यांच्या आठवणीसाठी एखादं झाड निवडायचं ठरलं, तेव्हा मी दादाला म्हटलं, "तू फक्त बरोबर चल. माणसं ओळखणारा मी! माझ्यापुढे हे म्हणजे किस झाड की पत्ती!"

झाडाची कल्पना आईची. बाबा होते तेव्हा ती रोज दुपारी डबा घेऊन दुकानात यायची. ते जेवायचे आणि ती कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या घरच्या चौकशा करायची. बाबा गेले आणि तिचं येणं थांबलं ते थांबलंच. "ती रिकामी खुर्ची बघवत नाही रे," म्हणायची. आम्ही खुर्ची हलवली, तर म्हणाली, "आता रिकामी जागा बघवणार नाही." दिवसभर घरात एकटी बसून राहायची. आम्हा दोघांच्या जिवाला घोर लागला होता. शेवटी तोडगाही तिनेच काढला.

"त्या जागी काहीतरी जिवंत ठेवा. त्यांच्यासारखं. चांगलं भरलं की सांगा, मी येईन."

आम्ही त्याच दिवशी नर्सरी गाठली. नर्सरीवाल्याने विचारलं, "ऊन किती येतं?"

"ऊन राहू द्या," मी म्हणालो. "मनुष्य शांत, कष्टाळू, बोलायला गोड. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

त्याने आम्हाला खालून वर न्याहाळलं. "तुम्ही झाड बघताय की स्थळ?"

मग एकेक उमेदवार पुढे आला. निवडुंग दाखवला, तर दादा भडकला, "बाबांनी उभ्या आयुष्यात एक दिवस दाढी चुकवली नाही! आणि हे खुंट?" वेल दाखवला. मी म्हटलं, "छे! बाबा कधी कुणाच्या आधाराने वर चढले नाहीत." दादाला एक बोनसाय फार आवडलं. उंचीच्या बाबतीत साम्य होतं, नाही असं नाही! पण बाबांना कुणी बुटकं म्हटलेलं आईला खपत नाही, म्हणून तेही बाद झालं.

आणि मग मला तो दिसला. कमरेइतका फायकस! बारीक चकचकीत पानं आणि डोक्यावर असा दाट भार की बोट शिरणार नाही. बाबांचे केस शेवटपर्यंत असेच होते. आमच्या दुकानाची ती सगळ्यात मोठी जाहिरात होती. दादाने लगेच कुंडी उचलली. दुकानात बाबांच्या जागी ती ठेवली, तेव्हा आम्हा दोघांनाही उगाचच खोकला आला.

इथपर्यंत सगळं उत्तम. पण तुम्हीच सांगा, जन्मभर कात्री चालवलेल्या माणसासमोर उजव्या बाजूने एक फांदी बाहेर आलेली असेल, गिऱ्हाईक नसेल आणि हात रिकामा असेल, तर तो काय करणार? मी एकच शेंडा उडवला. अगदी नावाला! कुणाला कळलंसुद्धा नसतं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर डावी बाजू कमी! मला वाटलं, माझीच नजर चुकली. उजवीकडून थोडं घेऊन सारखं केलं. पुढच्या दिवशी डावीकडे पुन्हा कमी! मी घाबरलो. नर्सरीवाल्याला फोन केला, "अहो, झाड एका बाजूने आटतंय!"

"उजेड एकीकडूनच येत असेल. रोज कुंडी अर्धी फिरवा," तो म्हणाला. "पण सकाळीच तुमच्या भावालाही हेच सांगितलं. त्यांचं म्हणणं, उजवी बाजू आटतेय."

यावरून मला काहीतरी कळायला हवं होतं. कळलं एवढंच की झाडाचा आजार मोठा आहे. मी दुकान उघडताना कुंडी फिरवायचो, दादा जेवण झाल्यावर फिरवायचा आणि झाड आपलं होतं तिथेच! तिकडे आई घरी विचारायची, "झाड कसं आहे?" दादा सांगायचा, "झकास! भरगच्च!" मी सांगायचो, "नाजूक आहे गं, वेळ लागेल." आई दोघांकडे आळीपाळीने पाहायची आणि भाजी चिरायला घ्यायची.

अशात एक दिवस बँकेतले साहेब आले. आमचं जुनं गिऱ्हाईक. "उद्या मोठा कार्यक्रम आहे, फोटो निघणार. अगदी किंचित कमी करा."

"निर्धास्त बसा!" मी म्हणालो आणि कात्री चालवली. ती मिटली आणि उघडेचना! साहेबांच्या कानामागचा झुपका तिच्या तोंडात. मी ओढलं.

"आई गं!" साहेब किंचाळले.

"तेल लाव, तेल!" दादा धावत आला. त्याने कात्रीला बोट लावलं, बोट चिकटलं. त्याचा चेहरा बदलला. "हा फायकसचा चीक आहे! तू बाबांना कात्री लावलीस?"

"पण हा फायकसचाच चीक, हे तुला कसं कळलं?"

दादाची नजर त्याच्या खणाकडे गेली. मी तो उघडला. त्याची कात्री पात्याला पातं चिकटून पडली होती!

"म्हणजे डावी बाजू तू!"

"मग उजवी तू!"

"अहो, आणि माझं काय?" साहेब ओरडले.

दुसऱ्या कात्रीने साहेबांचा झुपका मुळापासून कापावा लागला. मग दुसरी बाजू त्याच्याशी जुळवायला हवी. ती जरा जास्त झाली, म्हणून पहिली पुन्हा घेतली. तिकडे दादाही तेलाने आपली कात्री सोडवून रागारागाने झाड "शेवटचं एकदा" सारखं करायला बसला. मी इकडे कच्, तो तिकडे कच्! आम्ही थांबलो, तेव्हा साहेबांच्या माथ्यावर चार बोटांचा तुरा उरला होता. फायकसच्याही.

आणि दारात आई उभी!

तिने झाडाकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. पुन्हा झाडाकडे. इतक्या दिवसांनी ती आपणहून दुकानात आली होती आणि आम्ही तिच्यासाठी काय ठेवलं होतं, तर एक काठी!

"मला वाटलं होतं, पाणी घालायला विसराल," ती सावकाश म्हणाली. "हे मात्र डोक्यात आलं नव्हतं." आणि ती हसायलाच लागली. बाकावर बसून, डोळे पुसत, ठसका लागेपर्यंत हसली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की साहेबांकडून पैसे घ्यायचं भान राहिलं नाही. तसे ते देणारही नव्हते.

"तुमच्या भरवशावर आता हे एक दिवस ठेवायची नाही मी," आईने बजावलं.

दुसऱ्या दुपारी डबा आणि विणकाम घेऊन ती हजर! तेव्हापासून रोज येते. झाडाशेजारी स्टूल टाकून बसते. आमच्यापैकी कुणी कात्री घेऊन नुसतं त्या बाजूने गेलं, तरी विणायची सुई उगारते. गिऱ्हाइकांच्या घरच्या चौकशाही पुन्हा सुरू झाल्या आहेत. बँकेतले साहेबसुद्धा केस वाढल्यावर परत आले, पण दादाच्या खुर्चीत बसले. आणि फायकसला अशी पालवी फुटली की विचारू नका! पुन्हा तोच दाट भार.

परवा दुपारी मी एकाची दाढी करत होतो. सहज समोरच्या आरशात नजर गेली. आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, हळूच माझ्या टेबलावरची कात्री उचलली आणि कच्!

"आई!" आम्ही दोघेही ओरडलो.

"ओरडता काय?" ती म्हणाली. "कानावर येत होते त्यांच्या."

मी दाढी अर्धी सोडली, छोटा आरसा घेतला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवतो तसा झाडाच्या मागे धरला. आईने मान तिरकी करून नीट पाहिलं.

"मागून अजून थोडे कमी कर," ती म्हणाली.