दोनशे वर्षे जुने होण्याची रीतसर पद्धत

जगात कोणतीही चांगली वस्तू आधी जुनी असावी लागते. (कांदे, बटाटे आणि औषधे यांना यातून सूट आहे.) वाइनच्या बाबतीत तर नुसती वाइन जुनी असून भागत नाही, तिचा डोंगरही जुना लागतो. डोंगर मुळातच जुने असतात, पण त्याचा दाखला कुणाकडे नसतो.

आमच्या खोऱ्यातला द्राक्षमळा सव्वीस वर्षांचा होता. वाइन बरी होती. पण ‘मान्यताप्राप्त वाइन प्रदेश’ अशी पाटी लावायची तर मान्यता मंडळाचा अर्ज भरावा लागे, आणि त्यातले चौथे कलम सरळ होते: ‘प्रदेशास किमान दोनशे वर्षांचा इतिहास असावा. नसल्यास कारणांसह जोडावा.’

मळ्याच्या धाकट्या मालकांनी मग इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक नेमले. सरांनी एकतीस वर्षे सनावळी चुकली म्हणून मुलांचे अर्धे अर्धे गुण कापले होते. अशा माणसाकडे इतिहास जोडायचे काम देणे म्हणजे मांजराला दुधाची चौकशी करायला सांगण्यासारखे नव्हे, उलट दुधालाच मांजराची चौकशी करायला सांगण्यासारखे होते. पण गावात इतिहासाचा दुसरा माणूस नव्हता.

सर वही घेऊन चार महिने फिरले. छाटणी करणाऱ्या बायका, पिंपे बनवणारा सुतार, तलाठ्याचे दप्तर, सगळे झाले. शेवटी ते मालकांच्या आईंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या.

इतिहास असा निघाला. मालकांचे वडील दातांचे डॉक्टर. त्यांना मोकळी हवा हवी म्हणून हा खडकाळ उतार घेतला आणि खाण्यासाठी द्राक्षे लावली. ती इतकी आंबट निघाली की डॉक्टरांचेच दात आंबले. पाखरेही दुसऱ्यांदा आली नाहीत. (द्राक्षे आंबट असल्याचे कोल्ह्याचे विधान इथे तरी वस्तुस्थितीला धरून होते.) टाकवत नाहीत म्हणून आईंनी ती चिरडून, साखर घालून, बरणीत भरून माळ्यावर ठेवली आणि विसरल्या. सात महिन्यांनी पाहुण्यांच्या गाद्या काढताना बरणी सापडली. पाहुणे चार दिवसांसाठी आले होते, ते अकरा दिवस राहिले.

“म्हणजे सुरुवात तुम्ही केलीत,” सर म्हणाले.

“मी विसरले होते हो,” आई म्हणाल्या. “त्यात इतिहास कसला?”

पण पुढची आठ वर्षे किती साखर, किती दिवस, कुठल्या बाजूची द्राक्षे हे सगळे त्यांनीच ठरवले होते. सरांनी ते सारे लिहिले. अकरा पाने झाली. मालकांनी ती दोनदा वाचली.

“सर, हे खरं आहे?”

“अक्षर न् अक्षर.”

“मग जरा अडचण आहे.”

सर खोटे लिहिणार नव्हते आणि मालक भिडस्त होते, म्हणून मधला मार्ग निघाला. सरांनी पाहुण्यांना मळा दाखवायचा, खोटे काही बोलायचे नाही. फक्त विचारल्याशिवाय खरेही बोलायचे नाही. सर तळघरात पिंपांपाशी उभे राहत आणि गप्प बसत. निवृत्त शिक्षक गप्प बसला की माणसांना वाटते, याला फार माहीत आहे.

पहिल्या हंगामात ४१२ पाहुणे आले. त्यांपैकी २११ जणांनी अभिप्राय-वहीत लिहिले की इथे पूर्वी एखादा राजा येत असावा. १४० जणांना मठ असल्याचे जाणवले. ४६ जणांना कसल्यातरी शापाची चाहूल लागली. उरलेल्या १५ जणांनी स्वच्छतागृह कुठे आहे असे विचारले, आणि त्यांना अचूक माहिती देता आली.

मालकांनी ती वही जशीच्या तशी अर्जाला जोडली. मंडळाने ‘लोकस्मृतीचा भक्कम पुरावा’ असा शेरा मारून मान्यता दिली. राजाच्या सोयीसाठी फाटकाशी दगडी कमान बांधण्यात आली. ती दोन वर्षांपूर्वीची आहे, आणि पावसाने तिला चांगलीच मदत केली आहे.

सरांनी एकच हट्ट धरला. माहितीपुस्तिकेत आईंची हकिगत छापायची. ती बाराव्या पानावर आहे. नऊ हजार प्रती संपल्या. बाराव्या पानाबद्दल आजवर एकानेही विचारलेले नाही. सर प्रत्येक प्रत देताना ते पान किंचित दुमडून देतात. लोक ते सरळ करतात.

आई हल्ली संध्याकाळी कमानीखालच्या बाकावर बसतात. फोटो काढणारे त्यांना बाजूला व्हायला सांगतात, आणि त्या होतात. सर मग त्यांच्याजवळ जाऊन उभे राहतात. फोटोत तेही येत नाहीत.

आपण ही हकिगत शेवटपर्यंत वाचलीत, म्हणजे आपल्याला आता सगळे ठाऊक आहे. तरीही येत्या सुट्टीत आपण येणार, पेला नाकाशी नेऊन डोळे मिटणार आणि “जुनेपणा जाणवतो” असे म्हणणार. अवश्य यावे. फक्त फोटोसाठी बाकावरच्या बाईंना उठवाल, तेव्हा आधी ‘जरा’ मोठ्याने म्हणावे. त्यांना कमी ऐकू येते.