वायरीचं गाऱ्हाणं

आमचा शेजारी जयवंत कॉम्प्युटरची वायर जोडण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतो. घरातल्या सगळ्यांनी चपला काढून उभं राहायचं आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" असा जाब द्यायचा. जाब आला नाही तर वायर त्याच्या हातातच राहते.

देवळात गाऱ्हाणं घालतात, होडी पाण्यात सोडताना घालतात, हे मी जन्मभर बघत आले. वायरीला घालणारा हा एकच. तळेऱ्याहून एक साहेब लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे आले होते. ते जाब म्हणून "येस, येस" म्हणाले. जयवंतानं जोडलेली वायर उपसली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

तो बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. आता कुणकेश्वरात आमच्या कुंपणाला लागून राहतो. अंगात अजून बोटीवरची निळी पँट, खिशात टेस्टर. कॉम्प्युटरला काय झालंय हे तो विचारत नाही. सांगायला गेलं तर हात वर करतो. "मशीन बिघडना नाय, जोड बिघडता," एवढंच म्हणतो.

एकदा ऐन आंब्यात आमच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. माझी सून प्राजक्ता त्याच्यावर ऑर्डरी घेते. कॉम्प्युटर जुना, पडदा नवा, दोघांची भोकं वेगळी, म्हणून मध्ये एक ॲडाप्टर. तिनं वायर बदलली, पडदा वाडीतल्या दुसऱ्या घरी नेऊन लावून बघितला. तिथे उत्तम चालला, आमच्याकडे काळा. आंबा पेट्यांत भरून तयार, पण कुठली पेटी कोणाला, ते सगळं त्या काळ्या पडद्यामागे. सून रडकुंडीला आली.

जयवंत आला. त्यानं आधी वायर हुंगली. खोटं नाही, हुंगलीच. मग ॲडाप्टर चिमटीत धरून सुनेला विचारलं, "ह्यो कोण, म्हायती आसा?"

"ॲडाप्टर."

"दलाल! ह्येका हयसरचो माल थयसर न्हेवक सांगलंस. पण ह्येच्या पोटाक काय घातलंस?"

ॲडाप्टरला एक बारीक शेपटी होती. ती कॉम्प्युटरच्या बाजूला खोचली की त्याला वीज मिळते, मगच तो चित्र पुढे सोडतो. सुनेनं ती शेपटी काढून तिथे आपला फोन चार्जिंगला लावला होता.

"मग खोच आणि जा," मी म्हटलं. "पेटये रवलेत."

"असा कसा, वयनीनू?" तो म्हणाला, आणि डोळे मिटलेसुद्धा. "बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा! करंट वाटेत खंय अडलो आसात, तर त्येका वाट दाखय रे म्हाराजा!"

आम्ही तोंड उघडायच्या आत कुंपणापलीकडून मोठ्यानं जाब आला, "व्हय म्हाराजा! आता घराक येवा, भात निवलो!"

ती त्याची बायको, शालन. तो कुणाच्याही घरी असो, आवाज कानावर पडला की ती असेल तिथून जाब द्यायची. हातात मासळी असली तरी.

त्या पावसाळ्यात शालन गेली. ताप आला आणि गेली. जयवंत नंतरही लोकांच्या वायरी जोडत फिरला, गाऱ्हाणी घालत राहिला. मला वाटलं, निभावलं यानं.

मग त्याच्या मुलीचा, स्मिताचा, बंगळुराहून मला फोन आला. ती दर रविवारी बापाशी कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलायची. त्याचा जुना पडदा गेला म्हणून तिनं नवा पाठवला, बरोबर ॲडाप्टरही, आणि तेव्हापासून बाप दिसलाच नव्हता.

"काकी, बाबा म्हणतात ॲडाप्टर खराब आहे. फोनवर नुसतं 'बरो आसंय'. जेवतात की नाही कसं कळणार? या रविवारी दिसले नाहीत, तर मी येऊन त्यांना इकडे घेऊन येणार."

जयवंताला तिथे चौथ्या मजल्यावर ठेवलं, तर तो लिफ्टच्या वायरी उपसेल. मी चुलीवर आमटी तशीच ठेवली आणि त्याच्याकडे गेले.

पडदा टेबलावर, वायरी जागच्या जागी. ॲडाप्टरची शेपटी मात्र खाली लोंबत होती. एवढं मलाही दिसलं.

"जयवंता, दलाल उपाशी आसा."

"दिसता माका."

"मगे घाल त्येच्या पोटाक."

तो टेस्टर पुसत बसला. पुसता पुसता म्हणाला, "घालीन, वयनी. पण ह्या घरात गाऱ्हाणा घातलंय, तर व्हय कोण म्हणतला?"

मी चपला दाराशी काढल्या, पदर खोचला आणि टेबलासमोर उभी राहिले.

"घाल. आणि लांबण लावू नको."

त्यानं शेपटी हातात धरली. "बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा! ह्या घरात जा कोण आसा, नि जा कोण नाय..." पुढचं येईना.

मी वाट बघितली नाही. शालन द्यायची तसा, मोठ्यानं जाब दिला. "व्हय म्हाराजा!"

आणि कुंपणापलीकडून सून ओरडली, "व्हय म्हाराजा! आई, आमटी करपली!"

जयवंतानं शेपटी आत खोचली. पडदा उजळला, पण तो कुंपणाकडे बघत होता.