आमच्या गल्लीतले सव्वीस पूल

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जगात अशी वस्तू नाही, जिला मी तिच्या जागेवर बसवू शकत नाही!

माझी सगळी नोकरी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये गेली. बारीक खिळ्यापासून ट्रकच्या इंजिनापर्यंत काय वाटेल ते यायचं. मी त्याला वर्ग द्यायचो, नंबर द्यायचो, रॅक द्यायचो. यादीच्या शेवटी एक रकाना असायचा, 'इतर'. ज्याचं काय करायचं ते कळत नाही, ते तिथं ढकलायचं. माझ्या आधीच्या माणसानं त्या रकान्यात अर्धी फॅक्टरी कोंबली होती. मी मात्र रिटायर होईपर्यंत तो कोरा ठेवला! निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणात एवढंच सांगितलं आणि खाली बसले. टाळ्या थांबेनात!

माझ्या बायकोला, शैलजाला, याचं काही कौतुक नव्हतं. तिचं अख्खं स्वयंपाकघर म्हणजे 'इतर'! चहाच्या डब्यात सुई-दोरा, सुई-दोऱ्याच्या डब्यात बडीशेप आणि बडीशेपेच्या डब्यात कपाटाची किल्ली. रविवारी मी सगळं नीट लावायचो. सोमवारी संध्याकाळपर्यंत किल्ली परत बडीशेपेत!

"एक दिवस मलाही रॅकवर ठेवाल तुम्ही," ती म्हणायची.

"कोणत्या रॅकवर?"

"तेच तर! तुम्हाला सापडणारच नाही."

मागच्या पौषात ती गेली. तेव्हापासून घरातली प्रत्येक वस्तू जागेवर असते. कोणी हलवतच नाही.

तर अशा दिवसांत रोशनी घरी आली. रोशनी म्हणजे माझ्या मुलीची, समिधाची, मैत्रीण. आमच्या वॉर्ड ऑफिसात हिशेब बघते. हातात टॅब, कपाळावर घाम.

"अंकल, हेल्प चाहिए," ती म्हणाली. "पूरे वार्ड की एक-एक चीज़ दर्ज करनी है. सडक, नाली, खंबा, पार्क, पुल. किस वर्ग की है, कितनी पुरानी है, कितने साल और चलेगी. नया हिसाब है. जो दर्ज हुआ, उसी की मरम्मत का पैसा बजट में आएगा."

"आणि जे दर्ज नाही झालं?"

"वो चीज़ है ही नहीं, अंकल."

मी चपला घातल्या. "चलो!"

जबलपुरात रिछाईकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची गल्ली आहे. ओमतीच्या बाजारातून मी पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला, कारण नंबर घातल्याशिवाय वस्तू माझी होत नाही. खांबांना नंबर घातले. नळांना घातले. वळणावर एक खांब वाटला तो उभा राहून मोबाइल बघणारा माणूस निघाला, पण तोवर त्याच्या पँटवर साताचा आकडा झाला होता! किती दिवसांनी मी पोटभर जेवलो. समिधा म्हणाली, "बाबा, आज आप गा रहे थे." मी म्हटलं, "काहीतरीच!" पण गात होतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी रोशनीनं सहज सांगितलं, "अंकल, सोमवार को आपकी गली में जेसीबी आएगी. नाली पूरी चोक है. ऊपर जो फर्शियाँ पडी हैं ना घरों के सामने, वो किसी वर्ग में नहीं आतीं. सब तोड देंगे."

माझ्या हातातला ब्रश खाली पडला.

आमच्या गल्लीत घरं आणि रस्ता यांच्यामध्ये उघडी नाली आहे. प्रत्येकानं आपल्या दारापुढं तिच्यावर सिमेंटची फरशी टाकलेली. आमच्या फरशीवर शैलजाचं पाऊल आहे. फरशी ओली होती तेव्हा दूधवाला पाणी घातलेलं दूध देऊन सटकत होता. ही त्याला गाठायला अनवाणी धावली. मिस्त्री ओरडला, "भाभीजी, गीला है!" तोवर पाऊल उमटलं होतं. डावं पाऊल, पाचही बोटं आणि दुसऱ्या बोटावर जोडव्याची खूण. मिस्त्री थापी घेऊन बुजवायला आला तर म्हणाली, "राहू दे. मालकीण कोण ते कळलं पाहिजे."

त्या दिवसापासून दूध कसं दाट आलं म्हणता! दूधवाला यायचा, त्याच्याकडं धावत येणारं ते पाऊल बघायचा आणि मुकाट्यानं माप भरून द्यायचा. ती गेल्यावरसुद्धा! मी रोज बाहेर जाताना ते पाऊल ओलांडून जातो.

आणि सोमवारी जेसीबी!

घरी येऊन मी टॅब उघडला. वर्गांची यादी वरून खाली वाचली. फरशी कशातच बसेना. शेवटी ते एक बटण होतंच. हिंदीत 'अन्य' लिहिलेलं, म्हणजे आपलं 'इतर'. आयुष्यभर ज्याला हात लावला नाही, त्याला आता रिटायर झाल्यावर लावू? छे! पुन्हा वाचत गेलो आणि एका वर्गापाशी थांबलो. 'वाहतं पाणी ओलांडण्यासाठी बांधलेलं पक्कं बांधकाम.'

खाली वाहतं पाणी आहे? आहे. वाहत नाही, पण पाणी आहे. आपण ओलांडतो? रोज. बांधकाम पक्कं? एकदम!

मी बटण दाबलं. पूल!

आता फक्त आपल्या फरशीचा पूल करून बाकीच्यांच्या जेसीबीच्या तोंडी देणं बरं दिसलं नसतं. मी सबंध गल्ली न्यायानं घेतली. सव्वीस घरं, सव्वीस पूल! जबलपुरात नर्मदेवर नसतील तितके पूल आमच्या गल्लीत एका दुपारी झाले. प्रत्येकावर पिवळ्या रंगात नंबर.

शेजारचे तुळशीराम बनियनवर बाहेर आले. त्यांचं पोट आधी येतं, मग ते येतात.

"काहून भाऊ, माह्या फरशीवर आकडा काहून लिहून राहिले?"

"फरशी नाही ती. पूल आहे."

"पूल? कोण्या नदीवर?"

"नालीवर."

तुळशीरामांनी वाकून नालीत बघितलं. नालीत एक चप्पल आणि अर्धा नारळ. "मग नर्मदेच्या ग्वारीघाटावरून नाव पण मागवून घ्या ना! संध्याकाळी फेरी मारू!"

"हसा," मी म्हटलं. "सोमवारी कळेल."

सोमवारी जेसीबी आली, थांबली आणि परत गेली! पुलाला हात लावायला वरची परवानगी लागते. सबंध गल्लीनं मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तुळशीरामांनी स्वतः जिलेबी आणून दिली. रोशनीनं रात्री जागून सगळी नोंद सही करून पुढं पाठवली. अंकलवर विश्वास, दुसरं काय! मी जिलेबी खाल्ली आणि मनात म्हटलं, बघ शैलजा, सापडला रॅक!

जिलेबी पचायच्या आत एक टेम्पो आला. त्यातून सव्वीस बोर्ड उतरले. 'आगे पुल है. भारी वाहन वर्जित.' तुळशीरामांच्या दारात बरोबर त्यांच्या पोटापुढं बोर्ड लागला. "हे माह्यासाठी आहे का?" ते म्हणाले.

दोन दिवसांनी माणसं आली ती लाल-पांढऱ्या पट्ट्या घेऊन. नियम असा की ज्या पुलाच्या भाराची तपासणी झालेली नाही, तो तपासणी होईपर्यंत बंद! सव्वीसच्या सव्वीस पुलांवर आडव्या पट्ट्या! गल्ली म्हणजे सव्वीस बेटं झाली. स्कूटर घरात, ऑटो रस्त्यावर. दुरुस्तीला दिलेली कुकरची शिट्टी परत घेऊन आलेला माणूस ती नालीवरून फेकून गेला. पोरं शाळेला निघाली ती लांब उडी मारत. समिधा ऑफिसच्या साडीत उडी मारून म्हणाली, "बाबा, ये आपने किया है ना?"

"मी फक्त वर्ग दिला," मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारून मोठा आवाज आला. तुळशीरामांनी उडी मारली होती. पलीकडचा काठ त्यांना दिसला होता, पण काठाला ते दिसले नव्हते!

"भाऊ!" ते नालीतून ओरडले. कमरेपर्यंत काळे, डोक्यावर अर्धा नारळ. "जिलेबी परत द्या माह्यी!"

पण खरी आफत तर पुढं होती. एका गल्लीत सव्वीस पूल हे वर कोणाच्या तरी डोळ्यांत भरलं. इतके पूल बांधले कधी? ठेका कोणाला दिला? भोपाळहून एक इंजिनिअर साहेब तपासणीला आले. सोबत रोशनी, चेहरा उतरलेला. ती माझ्या कानात म्हणाली, "अंकल, साइन मेरी है. पूछ रहे हैं, पुल का पैसा कहाँ गया."

म्हटलं, मी स्टोअरकीपर आहे, स्टॉक दाखवायला घाबरत नाही.

साहेबांनी आमच्या फरशीकडं बघितलं, बोर्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"ये पुल है?"

"जी. नीचे पानी, ऊपर आदमी. और क्या चाहिए पुल को?"

"लोड टेस्ट हुआ है?"

"रोज होते, साहेब," तुळशीराम मागून म्हणाले. "मी जातो ना यावरून!"

गल्ली हसली. साहेब हसले नाहीत. "ये एंट्री किसने की?"

"मैंने," मी म्हटलं. "इस बच्ची ने मेरे भरोसे साइन किया. पुल-वुल का कोई पैसा नहीं लगा. हर घर ने अपनी फर्शी खुद डाली है. गलती मेरी, और किसी की नहीं." फॅक्टरीत कधी म्हणावं लागलं नव्हतं असं वाक्य!

साहेबांनी टॅब वरून खाली चाळला. मग सुस्कारा सोडला. "ये नाली का ढक्कन है. नाली का हिस्सा. उठाओ, सफाई करो, वापस रखो. बस."

झाकण! माझा चेहरा उजळला. रोशनी वाचली, फरशी वाचली, मीही वाचलो! मजूर पहारी घेऊन आले आणि एकेक फरशी उचलून रस्त्यावर ठेवू लागले. नाली साफ झाली. अर्धा नारळही निघाला. तुळशीरामांनी तो ओळखला.

फरश्या परत ठेवायची वेळ आली तेव्हा साहेब आमच्या फरशीपाशी वाकले.

"इसमें गड्ढा है."

"गड्ढा नहीं है, साहब. पाँव है."

"ढक्कन के वर्ग में ऊपर से सपाट होना ज़रूरी है. गड्ढे वाला बदला जाएगा. नया मुफ़्त मिलेगा." आणि त्यांनी मजुराला खूण केली. मजुरानं घण उचलला.

"रुको!" मी इतक्या जोरात ओरडलो की पुढच्या गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला. "मेरी मिसेस का पाँव है."

मजुराचा घण खाली आला, पण हळूच, त्याच्या स्वतःच्या पायापाशी. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अंकलजी, मैं क्या करूँ? पुल ये है नहीं. ढक्कन में बैठता नहीं."

रोशनीनं टॅब माझ्यापुढं धरला. ती हळूच म्हणाली, "अंकल, एक वर्ग बचा है. उसका कोई नियम नहीं है. ना मरम्मत, ना बदली. उसमें डाल दो तो कोई हाथ नहीं लगाता."

मला माहीत होतं कोणता. यादीच्या अगदी तळाशी होता.

फॅक्टरीतल्या मोठ्या साहेबांचं निरोपाचं भाषण आठवलं. टाळ्या आठवल्या. कोरा रकाना आठवला. आणि चहाच्या डब्यातला सुई-दोरा आठवला. मी बोट पुढं केलं आणि दाबलं. इतर!

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. टॅब एवढंच म्हणाला, दर्ज झालं.

मजुरांनी फरशी उचलून जागेवर ठेवली, मी विटेचा तुकडा घेऊन चारी कोपरे स्वतः टेकवून घेतले. उभा राहिलो तर तुळशीराम डोकं खाजवत होते.

"भाऊ, उलटी बसवली ना यांनी! पाऊल पहिले बाहेर जात होतं. बोलवू का त्यांना परत?"

खरंच! इतकी वर्षं रस्त्याकडं धावणारं पाऊल आता घराकडं वळलं होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं. समिधा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"रहने दो, बाबा," ती म्हणाली. "आई अंदर आ रही है."

मग मी हाक मारली नाही.

तर मंडळी, आमच्या गल्लीत पंचवीस झाकणं आहेत आणि सबंध वॉर्डाच्या 'इतर'मध्ये फक्त एक वस्तू आहे. ती माझ्या दारात आहे. हे मी कोणालाही ताठ मानेनं सांगतो. कपाटाची किल्लीही मी बडीशेपेच्या डब्यात ठेवून दिली आहे.

नुकसान एकच झालं. दूधवाल्याच्या लक्षात आलंय की पाऊल आता त्याच्याकडं येत नाही. दुसऱ्या दिवसापासून दूध पातळ येतंय!