सात वर्षांच्या पुढचं माणूस

आमच्या एकुलत्या एका फॅमिली फोटोत मी गुडघ्यापर्यंत आहे. गुडघ्याच्या वर मी नाही. बायकोचा नुसता डावा हात आहे. त्यातल्या बांगड्यांवरून ती ओळखायची. मधोमध आमचा तीन वर्षांचा नंदू मात्र अख्खा आहे आणि तो रंकाळ्याच्या काठची माती खातो आहे.

हा फोटो बाबालालनं काढला. काढून वर आम्हालाच दम दिला.

बाबालालचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दुकान आपलं नावाला. सत्तर-बाहत्तर सालचं आमचं कोल्हापूर. फोटो म्हणजे खुर्ची, शेजारी फुलदाणी, डोक्याला चपचपीत तेल आणि गालाला तीट. पण ह्या बाबाला आत बसवून फोटो काढायचाच नसे. गिऱ्हाईक आलं की "रंकाळ्याला या" म्हणायचं आणि सायकलवर टांग टाकायची. तिथं गेल्यावर पोराची टोपी काढून आईच्या हातात, बूट काढून बापाच्या हातात. मग खिशातले मूठभर चिरमुरे पोराला द्यायचे आणि पांढऱ्या पायजम्यासकट गवतावर पालथं पडून वाट बघायची. अर्धा तास, एक तास. पोराबरोबर आलेल्यांच्या अंगाला मुंग्या चढायच्या. त्यात आमची ही चुकून म्हणाली, "नंदू, इकडं बघ, हास बघू!"

"ओ वैनी, इसरू द्या की त्येला!" बाबालाल खेकसला. "कॅमेरा इसरला की मी बटन दाबनार. हास म्हनलं की हसतंय ते काय पोरगं हाय व्हय? ते पुढारी हाय!"

"आणि आमचे चेहरे हो?" मी विचारलं.

"सात वर्सांच्या फुडचं मानूस मी काढत न्हाय, मास्तर. खोटं हसतंय."

आता बोला! एका वकीलसाहेबांनी ह्याच्याकडच्या फोटोसाठी मुद्दाम सूट शिवला होता. फोटोत सुटाचा एक खिसा आला. वकीलसाहेब तावातावानं दुकानात आले, तर हा शांतपणे म्हणतो, "पोरगी कशी आलीया ते बघा की." पोरगी झकास आली होती, हे वकिलांनाही कबूल करावं लागलं. फोटोच्या मागं निळ्या शाईनं तिचं नाव आणि वय. तेवढं मात्र तो न चुकता लिहायचा. वकिलांचं नाव कुठंच नव्हतं.

मला विचाराल तर माणूस हट्टी, उर्मट आणि पक्का नाटकी. दुकानाच्या भिंतीवर सगळी शेंबडी, रडकी, खिदळणारी पोरं. त्यात एकच फोटो निराळा. चारेक वर्षांचा मुलगा, अंगात ढगळ कोट, खुर्चीवर ताठ बसलेला, दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेले, डोळे वटारलेले. ही संधी मी सोडतोय होय!

"हा कुठल्या ढ फोटोग्राफरनं काढला हो? पोरगं आहे का पुतळा?"

"मीच काढलाय," बाबालाल म्हणाला. "आमचा सलीम. सारका हलत हुता. हलू नगं म्हनून एक ठिवून दिली कानाखाली."

मी मास्तर असल्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण तो भिंग पुसता पुसता म्हणाला, "माज्या म्होरं आला की अजून तसाच बसतोय, मास्तर."

ते खरं होतं. सलीम बिद्रीच्या साखर कारखान्यात फिटर होता. ईदला यायचा, बापासमोर मांड्यांवर हात ठेवून बसायचा, "जी अब्बा" एवढंच बोलायचा आणि मिळेल त्या एसटीनं परत जायचा.

एकदा हिवाळ्यात बाबालाल सकाळी सकाळी माझ्या दारात उभा.

"मास्तर, रविवारी सलीम नातवाला घिऊन येतोय. रंकाळ्याला या. चिरमुरे तुमी द्या पोराला. मी जवळ गेलो की सलीम आवघडतोय." मग खाली बघत म्हणाला, "एकदा तरी हसावं की वो त्यानं माज्यासमोर."

साऱ्या गावाची पोरं हसवणारा हा माणूस! जिभेवर आलेला टोमणा मी गिळला. वाईट वाटलं मला त्याचं.

रविवारी सलीम इस्त्रीचा शर्ट घालून गवतावर बसला होता. हात मांड्यांवर. पुढ्यात दोन वर्षांचा अस्लम चुळबुळत होता. बाबालालनं कॅमेरा बाहेर काढला आणि सलीम पोराला दरडावून म्हणाला, "हलू नगं रे!"

मला वाटलं, आता बाबालाल फाडून खाणार. पण तो मुकाट्यानं गवतावर पालथा पडला.

मी पुढं होऊन अस्लमला चिरमुरे दिले. त्यानं मूठ भरून घेतली, बापाच्या डोक्यावर ओतली आणि धूम ठोकली पाण्याकडं. "आरं, आरं!" करत सलीम मागं धावला. एक चप्पल इकडं, एक तिकडं. पोराला काठावर धरलं खरं, पण स्वतः पाय घसरून धप्पदिशी चिखलात बसला. अस्लम बापाकडं बघून टाळ्या पिटायला लागला. सलीमनं आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं आणि हसत सुटला. पोट धरून, मोठमोठ्यांदा. बटणाचा आवाज झाला. एकदाच.

आठ दिवसांनी मी दुकानात गेलो. कोटातल्या सलीमचा फोटो खिळ्यावरून उतरवला होता आणि नवा फोटो त्याच्या जागी लावायला टेबलावर ठेवला होता. चिखलात फतकल मारून बसलेला सलीम, केसांत चिरमुरे, तोंड उघडं. अख्खा. कडेला अस्लमचा एक इवलासा पाय.

"अहो बाबालाल, नातू कुठाय?"

बाबालाल हातोडी शोधायला लागला.

मी फोटो उलटा केला. मागं नेहमीच्या निळ्या शाईत, नेहमीसारखंच लिहिलं होतं: सलीम, वय वर्षं एकतीस.