प्रेमानंद येऊन राहिला

भिलाईतल्या कॅम्प-१ चे भट्टीमिस्त्री प्रेमानंद रंगारी बरखिस्तानच्या तुरुंगातून सुटून सुखरूप घरी पोचले, ही आनंदाची बातमी सुरुवातीलाच दिलेली बरी. तसं काही घडलेलं नाही, हे मात्र लगेच विसरून जावं. दोन देशांना ही बातमी मान्य आहे, आणि मुत्सद्देगिरीचा मूळ सिद्धांतच असा, की जी गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य केली ती घडण्याची गरज उरत नाही.

बरखिस्तान हा अत्यंत शांत देश आहे. (शांतता मोडणाऱ्यांची वेगळी सोय आहे. तिथेही शांतताच आहे.) राष्ट्रप्रमुखांना तिथे ‘राष्ट्रकाका’ म्हणतात. मागच्या निवडणुकीत त्यांना एकशे चार टक्के मतं पडली. वरची चार शेजारच्या देशाने प्रेमापोटी पाठवली. तिथल्या पोलाद कारखान्यात भट्टीला आतून विटा लावायला प्रेमानंद ठेकेदारामार्फत गेले. काम उत्तम चाललं होतं. पण सव्वीस नोव्हेंबर आला, आणि कॅम्प-१ मध्ये दरवर्षी वाटतात तशी त्यांनी संविधान दिनाची बुंदी सगळ्या कामगारांना वाटली. बरखिस्तानात संविधान नाही असं नाही. पण ते राष्ट्रीय गुपित आहे. प्रेमानंदांवर गुपित फोडल्याचा गुन्हा लागला आणि उरलेली बुंदी पुरावा म्हणून जप्त झाली. (पुरावा चौकशीदरम्यान संपला.)

त्यांची बायको सीमा हिने इकडची सगळी कार्यालयं पालथी घातली. सगळीकडून एकच उत्तर आलं: प्रयत्न सुरू आहेत. ते इतके जोरात सुरू होते, की मधेच थांबवून माणूस सोडवणं कुणालाच शक्य नव्हतं.

अशा वेळी राष्ट्रकाकांच्या वाढदिवसाचं बोलावणं भूषण हेडाऊला आलं.

भूषण हा भिलाईतल्याच सेक्टर ६ चा, रेल्वेच्या गार्डचा मुलगा. एका हिंदी मालिकेत त्याने बरीच वर्षं आदर्श जावई होऊन दाखवलं. आपल्याकडे ती मालिका लोक विसरले. बरखिस्तानात मात्र एकुलत्या एका वाहिनीवर ती सक्तीने दाखवतात, आणि बघताना स्वतः काका रडतात. (काका रडले की देश रडतो. कोरड्या डोळ्यांची नोंद होते.)

भूषणने जावं की जाऊ नये, यावर सेक्टर ६ च्या बाजारात, चहाच्या ठेल्यावर, उच्च दर्जाची चर्चा झाली. ‘जावं’ पक्षाचे नेते गुलाबराव, रिटायर्ड फोरमन, म्हणाले, “बोलचाल बंद केली तं काम कसं होईन? भट्टी जाम झाली तं तिच्यापासी जाच लागते.”

‘जाऊ नये’ पक्षाचे केवलराम म्हणाले, “बोलाले कोन चाललं बे? थो जेवाले चालला.”

पाहणीनुसार चाळीस टक्के लोक गुलाबरावांकडे होते, चाळीस टक्के केवलरामांकडे, आणि उरलेले साठ टक्के दोघांकडेही मान हलवत होते. सीमाचं मत कुणी विचारलं नाही, कारण विषय आंतरराष्ट्रीय होता. ती सरळ भूषणच्या घरी गेली.

“भाऊ, तुमी जाऊनच राहिले, तं तेवढं एक विचारजा. आमच्या मानसाले कधी सोडता म्हनून. बाकी जेवा, फोटो काढा, काहीबी करा.”

“वहिनी, टेन्शन नका घेऊ. मी काकाले तोंडावर बोलतो.”

“तोंडावर बोलान अन् ते तुमाले वापस येऊ देतीन?”

“मी सेलिब्रिटी आहो, वहिनी.”

“म्हनूनच सांगून राहिली. फोटोतच राहू नका.”

मेजवानीला अडचण फक्त भाषेची होती. हिंदीचा दुभाषी नुकताच आत गेला होता. (त्याने एक वाक्य जसंच्या तसं सांगितलं.) उरला मराठीचा. तो पुण्यात राहून मराठी शिकलेला, उच्चार स्वच्छ, ‘ण’ तर इतका खणखणीत की ताटं वाजावीत.

भूषणने सहा पदार्थांपर्यंत धीर गोळा केला. सातव्याला गळा साफ करून तो म्हणाला, “काका, थो आमचा प्रेमानंद घरी येऊन राहिला ना?”

इथे वाक्य थांबवून तपासायला हवं. आमच्या बाजूला ‘येऊन राहिला’ म्हणजे येतो आहे, निघाला आहे, वाटेत आहे. भूषणच्या त्या आठ शब्दांत विनंती होती, हक्क होता, आणि घाबरलेल्या माणसाला जमेल तेवढी धमकीही होती. पुण्याच्या मराठीत मात्र ‘येऊन राहिला’ म्हणजे आला, आणि राहिला. दुभाष्याने काकांना सांगितलं, “पाहुणे म्हणतात, प्रेमानंद नावाचा मनुष्य घरी परतून तिथेच राहत आहे.”

प्रेमानंद कोण, असं काकांनी विचारलं नाही. काकांना माहीत नाही अशी गोष्ट त्या देशात नसते. “उत्तम,” ते म्हणाले. “राहू दे.” दुभाष्याने इकडे सांगितलं, “होय, येऊन राहिला.”

भूषणच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून काकांच्या. मग नियमाप्रमाणे सभागृहाच्या.

दुसऱ्या दिवशी निवेदन निघालं: श्री. प्रेमानंद घरी येऊन राहिल्याचं उभय बाजूंनी मान्य केलं आहे. एकाच वाक्यावर दोन देश दोन वेगळ्या कारणांनी खूश होणं, यालाच अनौपचारिक मुत्सद्देगिरीचं यश म्हणतात. भूषणला हारतुरे झाले. सीमा हारतुऱ्यांना थांबली नाही; ती दुर्ग स्टेशनवर जाऊन बसली. नागपूरकडून येणारी प्रत्येक गाडी बघायची आणि विचारणाऱ्याला सांगायचं, “येऊन राहिले ना.”

गाड्या आल्या. शेवटी तिने संबंधित कार्यालयाला फोन लावला. तिथले साहेबही शुद्ध मराठीचे निघाले.

“मॅडम, ते येऊन राहिलेत.”

“हो, पन कुठवर पोचले?”

“घरी.”

“साहेब, घरी तं मी आहो.”

“मग भेट झालीच असेल,” म्हणून साहेबांनी अभिनंदन केलं आणि फाइल बंद केली.

तिकडे तुरुंगाने प्रेमानंदांचं नाव पटावरून काढलं. कोठडीचं कुलूप काढलं नाही, कारण रिकाम्या कोठडीला कुलूप हवंच. आतून येणारा आठवड्याचा फोनही बंद झाला. घरी असलेल्या माणसाने घरी फोन करणं ही सरकारी साधनांची उधळपट्टी होय.

भूषणला हे कळलं तेव्हा तो कॅम्प-१ मध्ये आला. “वहिनी, मी तं बरोबरच बोललो होतो ना?”

“बरोबरच बोलले, भाऊ,” सीमा म्हणाली. “पन मराठी इथली, अन् जेल तिथली.”

ठेल्यावर चर्चा अजून रंगात आहे. गुलाबरावांच्या मते या भेटीने संवादाचं दार उघडलं; केवलरामांच्या मते हुकूमशहाला प्रतिष्ठा मिळाली. दोघांचेही मुद्दे वजनदार आहेत, हे दोघांनाही मान्य आहे.

सीमाने नवा अर्ज केला आहे. तो हिंदीत आहे (मराठीवर तिचा भरवसा उरलेला नाही), म्हणून आशय देतो:

महोदय, माझे पती घरीच राहत असल्याचे आपण मान्य केलेत, आभारी आहे. तथापि ते घरात नेमके कुठे आहेत, हे कळवण्यात आलेले नाही. खोल्या दोन आहेत, दोन्ही पाहिल्या. मुलगी समीक्षा दार वाजले की अजून धावत जाते, तिला काय सांगावे याबाबतही मार्गदर्शन नाही. सबब नम्र विनंती की, माझ्या पतीस घरातून घरी येण्याची परवानगी देण्यात यावी.

प्रत माहितीसाठी: ‘प्रकरण गुंतागुंतीचं आहे, दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात’ असं म्हणून पान उलटणारे सर्व सुज्ञ वाचक. आपल्याकडून कार्यवाही अपेक्षित नाही.