नाना केळशीकरांची प्रॉपर छत्री

नाना केळशीकरांना एकदा विंचू चावला. अशा वेळी माणूस आईचं नाव घेतो, नाहीतर देवाचं. नानांनी ओसरीवर पाय गच्च धरला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "प्रॉपर विंचू आहे!"

नाना हे ठाण्यातले आमचे शेजारी, कलेक्टर कचेरीत कारकून. शाळेत इंग्रजी विशेषणं पुष्कळ पाठ केली असतील, पण लग्न लागलं ते या एकाशीच. विंचू प्रॉपर म्हणजे अस्सल. आमटी प्रॉपर म्हणजे चिंचगूळ बेताचा. साहेब 'प्रॉपर माणूस' असे तेव्हा तो सज्जन असे, आणि मारवाडपेठेतला दलाल 'प्रॉपर माणूस' असे तेव्हा महालबाड. "मी प्रॉपर ठाण्याचा नव्हे हो, बाळकुमचा," असंही ते सांगत. कोणता अर्थ कुठे घ्यायचा ते त्यांच्या भुवयांवरून ठरे. दोन्ही भुवया एकमेकींना भिडल्या की आता 'प्रॉपर'च्या आधी 'इम्' लागणार हे ओळखून आळीतली पोरं पळ काढत.

जानकीकाकूंवर मात्र या शब्दाचा काडीइतका परिणाम नव्हता. "तुमचं ते प्रॉपर ठेवा पाटाखाली, आणि जेवून घ्या. भात निवतोय," त्या म्हणत.

एका वैशाखात नानांची आई वारली. दिवसकार्य यथासांग झालं. सुतक फिटलं आणि भर दुपारी नाना बायकोला घेऊन तलावाकाठच्या देवळाकडे निघाले. आळीतली एकूण एक खिडकी उघडली! कारण काकूंच्या पायांत लाल वहाणा होत्या आणि डोक्यावर काळी छत्री. आमच्याकडे तोवर छत्री पुरुषाची, वहाणाही पुरुषाच्या. बाईच्या वाट्याला पदर. काकू लाजेने अर्ध्या झाल्या होत्या, छत्रीला हात लावेनात. म्हणून ती नानांनीच धरली होती, सगळी काकूंवर कलती. स्वतः उन्हात, पगडीखालून घामाच्या धारा.

"अगं बाई, मडमीण निघाली!" कुणीतरी खिडकीतून म्हणालं.

"प्रॉपर मडमीण!" नानांनी वर न बघता ठणकावलं.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात बैठक बसली. पुढे आबाभट, नानांच्या घरचे उपाध्याय.

"नाना, ही थेरं बंद करा. नाहीतर तुमच्या घरचं पाणी बंद, पंगत बंद. उद्या घरात बरंवाईट झालं तर खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही."

नानांच्या भुवया भिडल्या. "आबाभट, त्या खांबाला टेकवलेली छत्री कुणाची?"

"माझी."

"आणि पायरीवरच्या कोऱ्या वहाणा?"

"असं काय विचारता? तेराव्याला तुम्हीच दान दिलंत! मृताची वाट तापलेली असते. डोकं भाजू नये, पाय पोळू नयेत, म्हणून शास्त्राने..."

"म्हणजे मेलेल्या बाईला छत्री प्रॉपर?"

"अर्थात!"

"आणि जिवंत बाईला?"

आबाभट शेंडीशी चाळा करू लागले. मी मागे बसलो होतो. मला हसू आवरेना. पण नानांचा आवाज एकदम खाली आला.

"मी शाळेत होतो तेव्हा आई माझी शिदोरी घेऊन बाळकुमहून चालत यायची. अनवाणी. सावली दिसली की थांबायची, एक पाय दुसऱ्यावर ठेवून. तेव्हा तुमच्यातल्या एकानेही म्हटलं नाही की वाट तापलीय. आता तिला वहाणा दिल्या. त्या तिला पोचल्या की नाही देव जाणे, तुम्हाला मात्र बसतायत! माझी बायको जिवंतपणीच घालणार. टाका वाळीत!"

टाकलं. अगदी प्रॉपर टाकलं. नाना मात्र रोज संध्याकाळी, ऊन असो नसो, काकूंना घेऊन तलावाला चक्कर मारत. फजिती झाली ती आबाभटांची. ते छत्री उघडून निघाले की पोरं विचारत, "आजींची का हो?" शेवटी बिचारे ती काखेत मिटून उन्हातून चालू लागले. पुढे जोश्यांची सून वहाणा घालून कल्याणला माहेरी गेली, मग लेल्यांची, आणि वाळीत टाकलेला माणूस पुन्हा पंगतीत कधी येऊन बसला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

काही वर्षांनी काकू गेल्या. खांदा द्यायला सारी आळी आली. तेराव्याला आबाभटांनी चाचरत विचारलं, "नाना, छत्री, वहाणा?"

"वहाणा तिने झिजवल्या," नाना म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांची मान ताठ होती. "तुम्हाला नव्या आणल्यात, छत्रीही नवी आहे. तिची छत्री मिळायची नाही. ती लागते."

कशाला लागते ते मला पुढच्याच आठवड्यात कळलं. तलावाकाठी नाना समोरून एकटेच येत होते. छत्री उघडलेली, पण सगळी डावीकडे कलती. तिच्याखाली कुणी नाही, आणि नाना तिरप्या उन्हात लालेलाल.

"नाना, छत्री नीट धरा की. ऊन लागतंय तुम्हाला."

"प्रॉपर धरलीय," ते म्हणाले, आणि चाल आणखी हळू केली. काकूंना भरभर चालवत नसे.