तीन पाट्या आणि एक नळ

"गुरुवारी सकाळी अकरा वाजता तुझ्या बाळंतिणींच्या खोलीतला नळ धो धो वाहणार! नाही वाहिला तर नाव बदलीन!" मदत-योजनेच्या समन्वयकांनी बायकोला छाती ठोकून सांगितलं.

बायको टेकडीवरच्या छोट्या दवाखान्यात नर्स होती. अकरा वर्षं ती टेकडीखालच्या हापशावरून बाळंतिणींसाठी पाणी वाहत होती, तेही कडी तुटलेल्या, तारेने बांधलेल्या बादल्यांमधून.

"नाव राहू द्या," ती म्हणाली. "नळाचं तेवढं बघा."

खरं सांगायचं तर माणसाने जिवाचं रान केलं होतं. तीन देशांना एका दवाखान्यासाठी एकत्र आणणं म्हणजे तीन जावांना एका चुलीपाशी उभं करणं! एकाने पंप दिला, दुसऱ्याने छपरावर उन्हावर वीज करणारी पॅनल बसवली, तिसऱ्याने टाकी दिली. सोमवारी चाचणी झाली. नळ खोकला, थुंकला आणि वाहू लागला! बायकोने दोन्ही हात धारेखाली धरले आणि ती खळखळून हसली. तिला इतकं हसताना त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मदत म्हटली की पाटी आली! पंपवाल्यांनी छपरावर, रस्त्यावरून दिसेल अशी दहा फुटी पाटी मागितली. लगेच पॅनलवाल्यांना बारा फुटी हवी झाली. टाकीवाले म्हणाले, "टाकी सगळ्यांत मोठी आणि पाटी लहान?" रुसवेफुगवे झाले, पत्रं गेली-आली, टाकी परत नेण्याची भाषा झाली. शेवटी समन्वयकांनी अक्कल लढवली. तिन्ही पाट्या सारख्या, पंधरा फूट उंच, एकमेकींना खेटून! वर करारात कलम घातलं : तिन्ही देशांच्या लेखी संमतीशिवाय कुठलीही पाटी इंचभरही हलणार नाही. कलम त्यांनी स्वतः लिहिलं होतं. बायकोला दोनदा वाचूनही दाखवलं.

बुधवारी संध्याकाळी पाट्या चढल्या. गुरुवारी सकाळी दहाला नळ एकदा खोकला आणि गप्प बसला.

"साहेब, पंप ठणठणीत आहे!" प्लंबर छपरावरून ओरडला. "पण पाट्यांची सावली सगळ्या पॅनलवर पडलीय. ऊनच लागत नाही!"

"मग काढ की पाट्या!"

"कुठली काढू?"

समन्वयकांना कलम आठवलं.

"नको, नको! हात लावू नकोस!"

एवढ्यात उद्घाटनाला आलेल्या तिन्ही देशांच्या पाहुण्यांच्या गाड्या फाटकात थांबल्या. टाकी कोरडी ठणठणीत होती. अख्ख्या दवाखान्यात पाणी म्हणाल तर बायकोने सकाळी आणलेल्या दोन बादल्या.

"अगं, तेवढ्या दोन दे. प्लंबर वर टाकीत ओतेल."

"अहो, आत बाईला कळा सुरू आहेत!"

"तुझ्याच नळातून येणार ना ते? वाया कुठे जातंय?"

तिने एकदा नळाकडे पाहिलं, एकदा त्यांच्या घामाघूम चेहऱ्याकडे, आणि बादल्या दिल्या. टेकडी चढून आणलेलं पाणी जिना चढून वर गेलं आणि पाइपातून खाली आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला! पंपवाल्यांना इतकं भरून आलं की त्यांनी नळाखाली हात धुतले. मग पॅनलवाल्यांनी धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. टाकीवाल्यांच्या हाताला फेस आला आणि पाणी संपलं.

दारात बायको उभी होती, रिकामी बादली घेऊन. ती टेकडी उतरायला लागली. दुसरी बादली घेऊन समन्वयक कोटासकट तिच्यामागे धावले. बाळ सुखरूप जन्माला आलं तेव्हा ती पाणी घेऊन पोचली होती आणि हे अजून निम्म्या चढावर धापा टाकत होते.

दुपारी त्यांनी पाहुण्यांपाशी सावलीची कबुली दिली. आजवर एकाही गोष्टीवर एकमत न झालेले तीन देश पाच मिनिटांत एक झाले : पाट्या हलवायच्या नाहीत, प्रश्नाचा अभ्यास करायचा! अभ्यास चौथ्या देशाने अंगावर घेतला.

आठ महिन्यांनी अहवाल आला. वीज सावलीमुळे बनत नाही, असं त्यात सिद्ध झालं होतं. रोग्यांचे नातेवाईक त्या सावलीत बसतात, म्हणून ती योजनेच्या यशात धरली होती. पाण्यासाठी मात्र कायम टिकेल असा उपाय सुचवला होता : ऊन नको, वीज नको, दुरुस्ती नको. पाठोपाठ एक ट्रक आला. त्यात चाळीस बादल्या होत्या, प्रत्येकीवर चौथ्या देशाचं नाव.

समन्वयक मान खाली घालून उभे राहिले. बायकोने एक बादली उचलली, कडी ओढून पाहिली.

"कडी पक्की आहे," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत कामाची अशी हीच आली."

मग दुसरी बादली तिने त्यांच्या हातात दिली. "चला."

ते निघाले. येताना भरलेली बादली सांभाळत चढ चढू लागले, आणि अर्ध्या वाटेत थांबून त्यांनी ती जरा फिरवून धरली, देशाचं नाव रस्त्यावरून नीट दिसावं म्हणून.